अर्धं मिनिट हुकलं तरी चालेल असं पुस्तक: लांबच्या प्रवासासाठी ऑडिओबुक कसं निवडायचं

त्या कादंबरीतला खुनी कोण, हे मला नवऱ्याने सांगितलं. लेखकाने सांगितलं तेव्हा मी टोलनाक्यावर होते. फास्टॅग स्कॅन होईना, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, एक मुलगा हातातलं मशीन काचेला टेकवत "मॅडम, जरा रिव्हर्स घ्या" म्हणत होता, आणि ज्या वाक्यासाठी जाता-येता सात तास कान टवकारले होते ते वाक्य त्या गोंधळात येऊन गेलं. नाका ओलांडला तेव्हा कादंबरीतले इन्स्पेक्टर चहा पीत होते. "डॉक्टर होता तो," नवरा जांभई देत म्हणाला. संपलं!

त्या दिवसापासून गाडीत ऐकायचं पुस्तक निवडताना माझी पहिली कसोटी ठरून गेली: मधलं अर्धं मिनिट हुकलं तर हे पुस्तक तगेल का? कारण ते हुकणारच. ओव्हरटेक करताना, समोर म्हैस आल्यावर, मागून ॲम्ब्युलन्स आल्यावर कान आपोआप रस्त्याकडे जातो, आणि तो तसाच जायला हवा. घरी खुर्चीत बसून आवडलेलं पुस्तक गाडीत आवडेलच असं नाही, ते यामुळेच. बाकीची सगळी निवड या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी रस्ता बघा

पुस्तकांची यादी उघडण्याआधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. आम्ही वर्षातून तीनदा पुण्याहून सावंतवाडीला जातो, माझं माहेर. साताऱ्यापर्यंत, मग कराड, कोल्हापूर, निपाणी, तिथून आजरा आणि आंबोलीचा घाट. कागदावर हा एक प्रवास, पण कानाच्या दृष्टीने चार वेगळे रस्ते आहेत. नवले पूल ते खेड शिवापूर मी काहीच लावत नाही. रिक्षा, टेम्पो, उलटे येणारे दुचाकीवाले, तिथे कथा ऐकणं म्हणजे कथेचाही अपमान. सातारा ते कोल्हापूर हा ऐकण्याचा खरा पट्टा, मात्र जिथे रुंदीकरणाचं काम चालू असेल तिथे डायव्हर्जन येतात आणि तेवढा वेळ पॉज. निपाणी सोडल्यावर रस्ता अरुंद आणि वळणाचा होतो, तिथे हलकंफुलकं काही चालतं. आंबोलीचा घाट, त्यातून जून ते सप्टेंबर, धुकं आणि वायपर: सगळं बंद. काचा थोड्या खाली करून समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकायचा.

समृद्धी महामार्ग याच्या अगदी उलट. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. सरळसोट काँक्रीट, मध्ये ना गाव ना चहाची टपरी. तिथे वळणांचा त्रास नाही, त्रास एकसुरीपणाचा आहे. टायरचा एकच आवाज तासन् तास कानात जातो आणि डोळे उघडे असून माणूस गुंगतो. अशा रस्त्यावर संथ, गंभीर, ध्यानाला बसल्यासारखं वाचलेलं पुस्तक लावू नका. संवाद भरपूर असलेलं, आवाज बदलत जाणारं, हसवणारं काहीतरी लावा. पण एक गोष्ट बजावून सांगते. झोप यायला लागली असेल तर पुस्तक हा त्यावरचा उपाय नाही. दहा मिनिटं तरतरी येते आणि मग तुम्ही गोष्टीसकट पेंगता. गाडी रेस्ट एरियात लावा, वीस मिनिटं डोळे मिटा, उठून तोंड धुवा. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान तर मी पुस्तकावर अजिबात भरवसा ठेवत नाही.

तासांचा हिशोब

सगळ्यात जास्त चूक इथे होते. ॲपवर लिहिलेलं असतं "८ तास १० मिनिटं", आपला प्रवास आठ तासांचा, छान जुळलं असं वाटतं. जुळत नाही. माझ्या सावंतवाडीच्या आठ तासांतून एक तास शहरातून बाहेर पडण्यात जातो. नाश्ता आणि जेवण मिळून दीड तास. घाट आणि डायव्हर्जन एक तास. फोन, गप्पा, "इथून डावीकडे का गं?" यात अर्धा. उरले चार. माझा अनुभव असा की प्रवासाच्या निम्मा वेळ ऐकण्याचा धरावा. म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांचं एक पुस्तक, किंवा जाताना चार आणि येताना चार तासांची दोन.

ऑडिओबुकची लांबी दिलेली नसेल आणि फक्त पानं माहीत असतील तर एक पान मोठ्याने वाचून घड्याळ लावा. आपल्याकडच्या नेहमीच्या छापील पानाला साधारण दोन ते अडीच मिनिटं लागतात, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक सात-आठ तास. सहाशे-सातशे पानी ऐतिहासिक कादंबरी पंचवीस तासांच्या आसपास जाते, तेव्हा ती नागपूरपर्यंतही संपणार नाही हे धरून चला. वेग १.२५ केला की दहा तासांचं पुस्तक आठ तासांत बसतं, पण मी गाडी चालवताना १.१५ च्या वर जात नाही. भरभर बोलणारा आवाज पायापर्यंत पोचतो. खरंच. पाठलागाच्या प्रसंगात स्पीडोमीटर बघा एकदा.

काय तगतं, काय नाही

लोक म्हणतात थरारक काहीतरी लावा, झोप येत नाही. एकट्या माणसाला सरळ, रिकाम्या रस्त्यावर ठीक आहे. पण रहस्यकथेचा जीव बारीकशा धाग्यात असतो. तिसऱ्या प्रकरणात माळ्याने फावडं कुठे ठेवलं हे हुकलं की नवव्या प्रकरणात तुम्ही बाहेर. मी टोलनाक्यावर जे गमावलं ते अशा पुस्तकाच्या स्वभावातच आहे.

त्यापेक्षा आधीच माहीत असलेली गोष्ट गाडीत फार चांगली चालते, आणि हे कुणी सांगत नाही. महाभारत, शिवकाळ, पेशवाई यांवरच्या कादंबऱ्या घ्या. कर्णाचं पुढे काय होणार हे आपल्याला पाचवीपासून ठाऊक आहे. मधलं अर्धं मिनिट गेलं तरी आपण लगेच धागा पकडतो, कारण ऐकायचं असतं ते "काय झालं" हे नाही, "कसं सांगितलं" हे. 'मृत्युंजय'सारख्या (१९६७) कादंबरीत तर कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशी पात्रं आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. आता कोण बोलतंय एवढं कळलं की झालं, आणि पात्र बदललं की थांबायला नैसर्गिक जागा मिळते. अशा कादंबऱ्यांची एकच अडचण: नावं आणि पदव्या. एकाच प्रसंगात चार पंत आणि तीन राव आले, त्यातल्या दोघांची नावं सारखी, की रस्त्यावर लक्ष असलेला मेंदू हात टेकतो. साताऱ्याच्या पुढे एकदा मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, "अगं, हा नाना परत कसा बोलायला लागला? मघाशी वारला ना तो?" वारला होता तो दुसरा नाना.

दुसरी हुकमी जात म्हणजे सांगण्यासाठीच लिहिलेल्या कथा. मराठीत हे भाग्य आपल्याला आयतंच लाभलंय. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. समोर मांडवात पोरं रडतायत, कुणी उठून जातंय, तरी गोष्ट पोचली पाहिजे, अशा परिस्थितीत घासूनपुसून झालेलं सांगणं आहे हे. गाडी म्हणजे तसाच मांडव. अशी कथा वीस-पंचवीस मिनिटांची असते, वाढे फाट्याला सुरू केली तर उंब्रजला संपते, आणि चहाला थांबताना काही अर्धवट राहत नाही.

आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनंही गाडीत सुखाने नांदतात. एक माणूस, एक आवाज, गोष्ट काळाच्या क्रमाने पुढे सरकते. त्यातही लेखकाने स्वतः वाचलेलं असेल तर मी थोडासा कच्चा आवाजही चालवून घेते.

गाडीत टाळायचं काय? आकडे आणि तक्ते असलेली गुंतवणुकीची पुस्तकं ("खालील तक्त्यात पाहा" असं ड्रायव्हरला सांगणारा निवेदक मी ऐकलाय). कविता. तत्त्वज्ञान. दर प्रकरणाला काळ मागेपुढे उडणाऱ्या कादंबऱ्या. आणि "तो म्हणाला", "ती म्हणाली" न लिहिता नुसते संवाद टाकणारे लेखक, ज्यांचं कागदावर मला कौतुक आहे.

आवाजाची परीक्षा

पुस्तक चांगलं आणि वाचणारा सुमार असेल तर पुस्तक गेलं. उलट, साधंसं पुस्तक चांगल्या आवाजात कोल्हापूर कधी आलं ते कळू देत नाही. म्हणून नमुना ऐकल्याशिवाय काहीही घेऊ नका, आणि तो ऐकायची जागा महत्त्वाची आहे. हेडफोन लावून शांत खोलीत ऐकलं की सगळेच आवाज गोड वाटतात. मी नमुना स्वयंपाकघरात लावते. फोन ओट्याच्या टोकाला, एक्झॉस्ट पंखा चालू, कुकर गॅसवर, आणि मी भाजी चिरतेय. शिट्टी झाल्यावर पुन्हा गोष्टीत शिरता आलं तर आवाज पास. एसी तीनवर ठेवून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा गोंगाट साधारण याच जातीचा असतो.

या परीक्षेत काय बघायचं? पहिलं, चढउतार. काही निवेदक भावनेच्या भरात कुजबुजतात आणि पुढच्या वाक्याला ओरडतात. घरी ते नाट्य वाटतं. गाडीत कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचं वाक्य कानठळ्या बसवतं, आणि हात सतत व्हॉल्यूमवर. पार्श्वसंगीत, पावसाचा आवाज, दाराची करकर घातलेल्या नाट्यरूपांतरांचं तेच. रेकॉर्डिंगमधला हॉर्न हा तर सरळ धोका आहे. मी एकदा त्या हॉर्नला आरशात शोधत होते.

दुसरं, उच्चार. 'जीवन'मधला ज आणि 'जवळ'मधला ज एकच करणारा निवेदक मला दहा मिनिटांत दमवतो. ळ चा ल, ण चा न झाला की संपलंच. हे शुद्धतेचं सोवळं नाही. चुकीच्या उच्चारावर मन क्षणभर अडतं, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं, आणि अर्ध्या मिनिटाची आपली सगळी सवलत तिथेच खर्च होते. बोलीभाषेत लिहिलेलं पुस्तक असेल तर आणखी कडक कान लावा. मालवणी किंवा वऱ्हाडी ज्याच्या घरात नाही असा माणूस ती वाचायला बसला की नकलेचा वास येतो. माझ्या आईने असली मालवणी ऐकून "बंद कर ता" एवढंच म्हटलं होतं.

तिसरं, वाचणारं माणूस आहे का मशीन. हल्ली हे विचारावं लागतं. यंत्राचा आवाज स्वच्छ असतो, पण प्रत्येक वाक्याला तीच चाल लागते, विराम भलतीकडे येतो, आणि आकडे किंवा संक्षेप आले की गडबडतो. बातमीएवढ्या मजकुराला चालेल. चार तासांना नाही.

गाडीत कोण बसलंय

एकटे असाल तर ही पायरी सोडून द्या. कुटुंब असेल तर आमच्याकडची पद्धत सांगते. चालवणाऱ्याने दोन पुस्तकं सुचवायची, बाकीच्यांपैकी कुणालाही एक नकार वापरता येतो, आणि अर्ध्या तासानंतर ज्याला नको असेल त्याने तसं बोलायचं. पुस्तक अर्ध्यात सोडणं पाप नाही.

मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी, पंधरा-वीस मिनिटांच्या कथांची फाइल ठेवा आणि ती नाश्त्यानंतर लावा, तेव्हा ती जागी आणि खुशीत असतात. दुपारी ती झोपली की मोठ्यांचं पुस्तक. मोठ्यांच्या पुस्तकाचं वर्णन आणि लोकांनी दिलेले अभिप्राय आधी जरूर चाळा. शिव्या किती, इतर काही किती, हे तिथे कळतं. मी एकदा चाळलं नव्हतं. कराडच्या अलीकडे नायक-नायिकेचा प्रसंग सुरू झाला आणि नवरा एकदम खिडकीबाहेर ऊस बघायला लागला. मी बटण शोधत होते, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "जरा मोठं कर गं, एसीमुळे नीट ऐकू येत नाही."

पुस्तक आणायचं कुठून

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठीत ऐकायला भरपूर झालंय. इतर ॲपही आहेत. फुकट चाचणी घेऊन एक सहल उरकता येते, फक्त यूपीआय ऑटोपे कधी कापलं जाणार ती तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाका. लिब्रिवॉक्स हा २००५ पासूनचा स्वयंसेवकांचा उपक्रम, कॉपीराइट संपलेली पुस्तकं तिथे फुकट मिळतात, इंग्रजीत ढिगाने. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. त्यामुळे कालपरवाच्या लेखकाचं अख्खं पुस्तक कुणीतरी यूट्यूबवर वाचून टाकलेलं दिसलं तर ते बहुधा न विचारता टाकलेलं आहे. शिवाय मधेच जाहिरात येते ती वेगळीच.

आदल्या रात्री

बॅग भरण्याइतकंच हे काम समजा. पुस्तक पूर्ण डाउनलोड करा. घाटात रेंज जाते, आणि समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी घेते, म्हणजे दहा तासांचं पुस्तक तीनशे एमबीत मावतं. जागेची सबब नको. डाउनलोड झाल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकून पुस्तक चालू करून बघा, शेवटच्या प्रकरणासकट. काही ॲप ऑफलाइन असताना पुन्हा लॉगिन मागतात, आणि ते कळायची जागा आजऱ्याचं जंगल नसावी.

मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीला ब्लूटूथ जोडा आणि स्टिअरिंगवरचं पुढे-मागेचं बटण दाबून बघा. गाण्यांसाठी ते पुढचं गाणं लावतं. पुस्तकात काही ॲप त्यावर तीस सेकंद सरकतात, तर काही थेट पुढच्या प्रकरणावर उडी मारतात. तुमचं कुठल्या जातीचं आहे हे आधी माहीत असू द्या. मागे जाण्याची मुदत सेटिंगमध्ये पंधरा किंवा तीस सेकंद ठेवा, हीच ती अर्ध्या मिनिटाची परतफेड. झोपताना लावलेला स्लीप टायमर काढा. नकाशाच्या बाईला फक्त महत्त्वाच्या सूचनांपुरतं बोलू द्या, नाहीतर दर चौकात ती नायिकेच्या मधे बोलते. मेसेजचे आवाज बंद.

आणि दोन पुस्तकं न्या. पहिलं जमलं नाही तर दुसरं शोधायला फोन हातात घेण्याची वेळ येऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलेलं आहे. कायदा राहू द्या, नव्वदच्या वेगाने गाडी एका सेकंदाला पंचवीस मीटर जाते. हेडफोन तर चालवणाऱ्याने लावूच नयेत, एका कानातही नाही.

रस्त्यावर

बटणांचा कारभार शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे. टोलनाका दिसला की पॉज, हे आता आमच्याकडे न सांगता होतं. शहर, घाट, जोराचा पाऊस, चुकलेला रस्ता: पॉज. फोन आला आणि संपला की तीस सेकंद मागे जाऊन सुरू करा, त्यात आळस नको. जेवणानंतर पुन्हा लावायच्या आधी कुणीतरी दोन वाक्यांत आतापर्यंतचं सांगायचं. हे काम आमच्याकडे सासूबाईंचं, आणि त्या सांगतात ती गोष्ट मूळ पुस्तकापेक्षा बऱ्याचदा वेगळी असते. परवा त्यांनी कागलच्या अलीकडे एका हेडमास्तरांचं लग्न लावून टाकलं, पुस्तकात ते शेवटपर्यंत ब्रह्मचारी आहेत.

मुक्कामी पोचल्यावर उरलेलं ऐकू नका, तो भाग येताना लावा. येताना तेच डोंगर उलट्या बाजूने येतात, माणसं थकलेली असतात, डब्यात नेलेल्या धपाट्यांच्या जागी फणस असतो, आणि गाडीत कुणालाच नवीन काही सुरू करायचा उत्साह नसतो. तेव्हा ओळखीचा आवाज बरा वाटतो. सध्या माझ्या फोनमध्ये एका कादंबरीचे तीन तास बारा मिनिटं शिल्लक आहेत, आणि ऐकायला सगळे गणपतीची वाट बघतायत.